मानेवरची रेघ

सकाळी पावणेदहाला सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, नखं पुढं करायची आणि मग पाठ फिरवायची, अशी सांगलीतल्या, विश्रामबागेच्या त्या सलूनची पद्धत होती. राजवर्धन नावाचा तिशीतला मॅनेजर एकेकाचा पुढून आणि मागून फोटो काढायचा आणि ते फोटो थेट बेंगळुरूच्या हेड ऑफिसला जायचे. देशभरात म्हणे सहाशे दुकानं होती त्यांची, म्हणजे रोज सकाळी काही हजार माना तिकडं जात असणार. त्या कोण बघत बसतं देव जाणे. पण कुणीतरी बघत होतं खास, कारण त्या बुधवारी नाथाजीच्या फोटोवर लाल खूण होऊन तो परत आला. राजवर्धननं मोबाईल त्याच्या डोळ्यांपुढं धरला. नाथाजीनं पस्तीस वर्षांत किती माना बघितल्या असतील त्याला गणती नाही, स्वतःची मात्र आरशातल्या आरशात, तीही चोरून. अशी उजेडात, दुसऱ्याच्या हातातल्या मोबाईलमध्ये, पहिल्यांदाच. रापलेली, दोन आडव्या वळ्या पडलेली, आणि केसांची खालची रेघ डावीकडून निघून उजव्या कानाकडं चढत गेलेली. नवशिक्यानंसुद्धा गिऱ्हाइकाला अशी मान घेऊन खुर्चीवरून उठू दिलं नसतं. "काका, हे कुणी केलंय?" राजवर्धननं विचारलं. त्याच्या विचारण्यात खोच नव्हती, तेच जास्त लागलं. "मीच," नाथाजी म्हणाला. रांगेत कुणीतरी हसलं. "अहो, इथं आठ जण आहेत. शिवांजली, दुपारी वेळ मिळाला की काकांची लाईन सरळ करून दे." शिवांजलीनं मान डोलावली. "न्हाई, नको," नाथाजी इतक्या घाईनं म्हणाला की शिवांजलीनं वळून बघितलं. "बरं, सोमवारपर्यंत करून घ्या म्हणजे झालं," असं म्हणून राजवर्धन पुढच्या पाठीकडं वळला.

कारागिराचे केस कोण कापतो, हा प्रश्न गिऱ्हाइकाला कधी पडत नाही. कारागिरांना तर तो पडायचं कारणच नव्हतं. सोमवारी सांगलीतली सलूनं बंद, आणि सोमवारी सकाळी शटर अर्धं वर करून कारागीर एकमेकांचे केस कापत. त्यात पैसा नव्हता. कारागिरानं कारागिराकडून पैसा घ्यायचा नाही हे इतकं जुनं होतं की कुणी बोलूनही दाखवत नसे. नाथाजी तेव्हा तात्यासाहेबांच्या दुकानात कारागीर होता; दाराजवळची खुर्ची त्याची आणि तिच्या शेजारची धुळाची. नाथाजी आटपाडीकडचा, धुळा जतच्या बाजूचा. दोघांची गावं टँकरचं पाणी पिणारी, दोघं एकाच वर्षी कृष्णेकाठी आलेले. अठरा वर्षं दर सोमवारी आधी धुळाची मान नाथाजीपुढं आणि मग नाथाजीची धुळापुढं. धुळाची एक सवय होती. तो "वाक" असं म्हणायचा नाही. अंगठा मानेच्या खळगीत ठेवायचा आणि जरासा दाबायचा, की मान आपोआप पुढं जायची. "तुजी मान म्हंजे आटपाडीचा माळ हाय गड्या, वस्तरा धोंड्याला अडतुया," असं दर खेपेला म्हणायचा आणि दर खेपेला दोघं हसायचे. त्या अंगठ्याचा दाब नाथाजीला आजही आठवत होता. आठवत होता म्हणणंही कमीच. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कोमट पाणी सोडता सोडता त्याला तो दाब मानेवर प्रत्यक्ष जाणवला आणि त्यानं उगाच खांदे हलवले. पाणी गिऱ्हाइकाच्या कानात गेलं. नाथाजीनं "सॉरी सर" म्हटलं. इथं सॉरी इंग्रजीतच म्हणायचं असा नियम होता.

नियम पुष्कळ होते. गिऱ्हाइकाशी पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या नाहीत. नाथाजी म्हणायचं नाही, छातीवरच्या पट्टीवर 'नाथ' एवढंच. कारागीर म्हणायचं नाही, आर्टिस्ट म्हणायचं, आणि कागदावर तर सगळे कंपनीचे भागीदार होते. भागीदाराला हक्काची रजा नसते हे सही केल्यावर कळलं. सोमवारची सुट्टी गेली होती. ज्याला त्याला आठवड्यात जो वार मोबाईलवर येईल तो. शिवांजली माणमधल्या दहिवडीची पोरगी, हाताला विलक्षण हलकी, पण तिनं दोन वर्षांचा बाँड लिहून दिला होता आणि तिचं सर्टिफिकेट राजवर्धनच्या कपाटात कुलपात होतं. ती एकदा हसत म्हणाली होती, "काका, माझ्या नवऱ्याआधी ह्यांनीच मला नांदायला आणलं." आणि नाथाजी इथं आला कसा? तर तात्यासाहेबांच्या मुलानं जागा कंपनीला दिली, जागेबरोबर मोठा आरसा गेला, पंखे गेले, तसा नाथाजीही गेला. तात्यासाहेब आता घरी बसून असतात. त्यांची दाढी त्यांचा नातू मशीननं करतो म्हणे. तात्यासाहेबही एके काळी खुर्चीमागं उभे राहिलेलेच, आपल्याच समाजाचे. मालक आणि कारागीर यांच्यात अंतर होतं ते फक्त गल्ल्यापुढच्या स्टुलाचं. तरीही ते अंतर किती होतं ते अकरा वर्षांपूर्वी दिसलं.

तेव्हा संप झाला होता. आज सांगितलं तर शिवांजलीला खोटं वाटेल, पण सांगलीतल्या चाळीस-एक दुकानांतल्या कारागिरांनी कात्र्या खाली ठेवल्या होत्या. मागण्या मोठ्या नव्हत्या. ब्लेड-साबण मालकानं द्यावं, सणासुदीलाही सोमवार मोडू नये, आणि कारागीर आजारी पडला तर बरा होऊन येईस्तोवर त्याची खुर्ची त्याचीच राहावी. ही शेवटची मागणी धुळाची. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर पडलेल्या एका कारागिराच्या खुर्चीवर दुसरा बसवला होता, ते त्याला सहन झालं नव्हतं. आमराईत सगळे जमले आणि धुळानं शपथ घातली: मिटेपर्यंत कुणी वस्तऱ्याला हात लावायचा नाही, गिऱ्हाइकाच्या नाही आणि स्वतःच्याही गालाला नाही. मग काय, आठ दिवसांत सगळ्यांच्या दाढ्या वाढल्या आणि बाजारात जो दाढीवाला दिसेल तो कारागीर, अशी ओळख झाली. लोक थट्टा करत. त्या दिवसांत नाथाजी स्वतःच्या दाढीवर हात फिरवत हिंडायचा आणि त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

पंधराव्या दिवशी तात्यासाहेब स्वतः नाथाजीच्या खोलीवर आले. संप चालू असतानाच त्यांचे वडील वारले होते. दुसऱ्या दिवशी कृष्णेच्या घाटावर दहावा होता आणि भावकीतल्या नऊ जणांची डोकी करायला माणूस नव्हता. "मालक म्हणून आलो न्हाई नाथा," ते म्हणाले, "आई-बापाच्या माघारी कुणाचं डोकं तसंच ऱ्हायलंय का?" ह्या शब्दांना नाही कसं म्हणायचं? नाथाजी गेला. कुणालाही न सांगता, पहाटेच, पिशवीत वस्तरा घालून गेला. गार पाण्यात पाय सोडून बसलेल्या नऊ जणांची डोकी त्यानं केली, एक थेंब रक्त न काढता. तिथवर त्याचं कुणी काही चुकलं म्हटलं नसतं. धुळानंही नंतर तेच सांगितलं: "मला सांगिटलं असतंस तर मी सोता आलो असतो रं तुज्यासंगं. मयताचं काम, त्येला कसला संप?" चूक पुढं झाली. घाटावरून परतताना तात्यासाहेब म्हणाले, "उद्यापासनं दुकान उघडूया," आणि नाथाजीनं घरी येऊन, स्वतःच्या हातानं, स्वतःची दाढी काढली. कितीतरी वर्षं त्यानं स्वतःला सांगितलं की मालकाच्या दुःखाला मान दिला. ते खरं नव्हतं. खरं हे की तो कंटाळला होता, भ्याला होता, आणि त्याला कारण हवं होतं. मेलेल्या म्हाताऱ्यानं ते दिलं. गुळगुळीत गालानं तो दुकानात उभा राहिला ते रस्त्यावरून सगळ्यांनी बघितलं आणि चार दिवसांत संप मोडला.

मोडण्याआधी आमराईत शेवटची बैठक झाली. नाथाजी कडेला उभा होता. धुळा ओरडला नाही, शिवी दिली नाही. "आजपासनं ह्येच्या डोक्याला कुनी हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणाला. कारागिराला कारागीर दुसरी शिक्षा काय देणार? तात्यासाहेबांनी धुळाला परत घेतला नाही. तो बायकोला घेऊन गावाकडं गेला, एसटी स्टँडाच्या बाजूला पत्र्याचं दुकान टाकलं असं कानावर आलं. इकडं वर्ष-सहा महिन्यांत सगळे विसरले. "ये की नाथा, बस, किती दिस धरून बसनार," असं चार जणांनी खुर्ची झटकून म्हटलं. तो बसला नाही. ह्यात मोठेपणा काही नव्हता. ज्यानं हात काढून घेतला त्यानंच तो परत ठेवायला हवा, एवढं साधं होतं ते. म्हणून अकरा वर्षं, बायको शेजारी गेलेली बघून, न्हाणीत एक आरसा पुढं आणि एक मागं टांगून, उलट्या हातानं तो मानेवर वस्तरा चालवत आला. रेघ उजवीकडं चढायची. त्याला ते ठाऊक होतं.

आणि आणखी एक ठाऊक होतं. धुळाला अर्धांगवायू झाला होता. तीन महिन्यांपूर्वी जत गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं होतं. तीन महिने नाथाजी उद्या जाऊ, परवा जाऊ करत होता. जाऊन म्हणायचं काय? बुधवारी दुपारी शिवांजली डबा खाताना जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, माझा हात लागलेला चालत नाही का तुम्हाला?" पोरीला भलताच अर्थ लागला होता. नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तसं न्हाई बाय," तो म्हणाला, "एका माणसाची परवानगी ऱ्हायली हाय." दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्याची सुट्टी होती. सकाळी त्यानं पिशवीत वस्तरा, नवीन ब्लेड, साबण, ब्रश आणि तुरटी घातली आणि जतच्या गाडीत बसला. कवठेमहांकाळ मागं पडलं, ऊस संपला, ज्वारीची धाटं आणि मेंढरं दिसायला लागली, गाडीत कानडी ऐकू यायला लागली.

धुळाची बायको आक्काताई दारातच ज्वारी निवडत होती. तिनं त्याला ओळखलं, सुपातून नजर काढली नाही. "या भावजी," एवढं म्हणाली. अकरा वर्षं ह्या एका हाकेत कुठंच नव्हती, आणि त्यामुळं नाथाजीला रडू फुटेल असं वाटलं. धुळा आत बाजल्यावर टेकून बसला होता. उजवं अंग गेलेलं. दाढी गळ्यावर आलेली, केस कानांवरून लोंबलेले. हजारो गाल ज्यानं गुळगुळीत केले त्याच्या तोंडावर तीन महिने वस्तरा फिरला नव्हता. "गावात दुकान म्हंजी ह्येंचंच हुतं," आक्काताई म्हणाली. "जतच्या दुकानातला पोरगा घरला येत न्हाई. आन् एक सांगत्ये, ह्येंची वाचा गेलिया. एकच शबुद ऱ्हायलाय. काय बी इचारा, व्हय म्हनत्यात. पानी पायजे का म्हटलं तर व्हय. नगं का म्हटलं तरी व्हय." नाथाजी बाजल्यापाशी खाली बसला. धुळाचे डोळे मात्र तेच होते, त्याच्यावर रोखलेले. नाथाजी गाडीत घोकलेलं सगळं विसरला. "धुळा, चुकलो रं," तो म्हणाला. "व्हय," धुळा म्हणाला. "घाटाचं न्हवं, त्येच्या फुडचं. मी भ्यालो हुतो." "व्हय." "मला माफ केलंस का?" "व्हय," धुळा त्याच आवाजात म्हणाला, जसं पाण्याला म्हणत असेल, नको असलेल्या पाण्यालाही. अकरा वर्षं ज्या शब्दासाठी काढली तो शब्द मिळाला आणि त्याला काही किंमत नव्हती. नाथाजीनं खाली बघितलं. जमीन नुकतीच सारवलेली होती, ओलसर वास येत होता.

मग त्यानं निदान जमतं ते करावं म्हणून साबण भिजवला, फेस केला. "दाढी करू?" "व्हय." ब्रश गालाजवळ नेला तर धुळानं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. हाताला शब्दाचा रोग झालेला नव्हता. नाथाजी समजला, त्यानं ब्रश खाली ठेवला, उठावं म्हणून पाय जवळ घेतले. पण तो हात सुटला नाही. तो मनगटावरून दंडावर आला, दंडावरून खांद्यावर, आणि खांदा धरून नाथाजीला फिरवायला लागला, पाठमोरं होईपर्यंत. मग कॉलर खाली ओढली गेली. बोटं मानेवरून फिरली, अडाण्याची नाही, कारागिराची; रेघेवरून डावीकडून उजवीकडं गेली, जिथं ती चढत होती तिथं थांबली, परत आली. धुळाच्या नाकातून आवाज आला. ते हसू होतं की हुंदका, हे नाथाजीला पाठमोऱ्याला कळलं नाही. मग अंगठा खळगीत बसला आणि त्यानं जरासं दाबलं. नाथाजीची मान पुढं गेली. त्यानं पिशवीत चाचपडून वस्तरा काढला, ब्लेड घातलं, आणि खांद्यावरून मागं धरला. "भावजी, डावा हात हाय त्येंचा, कापंल," आक्काताई दारातून म्हणाली. "कापू द्या वैनी," नाथाजी म्हणाला. डोळ्यांचं पाणी सारवणावर पडत होतं.

वस्तरा मानेला लागला. डावा हात थरथरत होता, पण ब्लेड टेकवताना थरथर थांबवायची एवढी विद्या त्याच्यात राहिली होती. डावीकडून सुरू झालं. दोन बोटं जागा, श्वास, पुन्हा दोन बोटं. एकदा चुरचुरलं, रक्त आलं असावं. मानेच्या मध्यापर्यंत रेघ आली आणि हात थांबला. नाथाजी वाट बघत तसाच वाकून बसला. खूप वेळानं वस्तरा त्याच्या खांद्यावरून घसरून मांडीजवळ पडला. मागं वळला तर धुळा घामानं निथळला होता, डोळे मिटले होते. "ऱ्हायलेलं सोमवारी," नाथाजी म्हणाला. "सोमवारी येतो. आन् तुजी दाढीबी करतो, सोमवारीच." "व्हय," धुळा डोळे न उघडता म्हणाला. ह्या खेपेला नाथाजीनं तो शब्द खरा धरला.

सोमवारची सुट्टी मागितली तर राजवर्धन म्हणाला, सोमवार तुमच्या नावावर नाही, पुढच्या आठवड्यात बुधवार आहे, सिस्टीममध्ये बदलता येत नाही. रविवारी, गर्दीच्या वेळी, आक्काताईचा फोन आला. सकाळी चहा पाजायला गेली तर धुळा गेला होता. आता दुपारी माती देऊन सगळे परतले होते. नाथाजीच्या खुर्चीवर एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी झाली होती. त्यानं उरलेली अर्धी केली, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला, आणि मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला. त्याला एकच सारखं वाटत होतं की धुळा दाढी वाढलेलीच घेऊन गेला. गुरुवारी जरा थांबायला हवं होतं. झोप झाल्यावर कदाचित त्यानं करू दिली असती.

सोमवारी पावणेदहाला पुन्हा रांग लागली. नाथाजीनं पाठ फिरवली. राजवर्धन फोटो काढता काढता थांबला. "काका, आज सोमवार, आणि हे अजून असंच? अर्धी लाईन सरळ, अर्धी तशीच, वर कापलंय पण. शिवांजली, मशीन घे, दोन मिनिटांचं काम आहे." नाथाजीनं तळहात मानेवर ठेवला. "राहू द्या सर," तो म्हणाला. "ज्यानं सुरू केलं त्यो काल गेला." "मला वाईट वाटतं काका, पण फोटो जायचाय. असं फ्लोअरवर उभं करता येणार नाही मला. मग घरी जावं लागेल, आणि खुर्ची मी रिकामी ठेवू शकत नाही." शिवांजलीनं मशीन हातात घेतलं होतं. तिनं नाथाजीच्या तळहाताकडं बघितलं, बोटांच्या फटीतून दिसणाऱ्या त्या अर्ध्या रेघेकडं बघितलं, आणि मशीन काउंटरवर ठेवलं. "मी नाही लावणार हात," ती म्हणाली. राजवर्धन शेजारच्या पूजाकडं वळला. तिच्या मशीनला चार्जिंग नव्हतं. त्याच्यापुढचा खाली बघत राहिला, त्याच्यापुढचा नखं पुसत. आठ जणांच्या रांगेत त्या सकाळी नाथाजीच्या डोक्याला कुणी हात लावला नाही. हे बघायला धुळा हवा होता, असं नाथाजीच्या मनात आलं.

त्यानं नावाची पट्टी काढून काउंटरवर ठेवली, पिशवी उचलली. शिवांजली दारापर्यंत आली. तिला विचारायचं होतं ते तिनं कारागिरासारखंच विचारलं, "काका, किती दिवस दिसेल ती रेघ?" नाथाजीनं कॉलर खाली दुमडली आणि रस्त्याकडं तोंड करून म्हणाला, "लय तर तीन आठवडं. मग केस वाढत्यात."